कर्सर नजरेमागे येत नसेल तर: घरचा आय ट्रॅकर तपासण्याचा क्रम

हे ज्यांच्या घरी आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्यामुळे डोळ्यांनी चालणारा कॉम्प्युटर, आहे त्यांच्यासाठी आहे. एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जासंस्थेचा आजार) असो, ब्रेनस्टेमचा (मेंदूच्या देठाचा) स्ट्रोक असो की सेरेब्रल पाल्सी, हात आणि आवाज दोन्ही साथ देईनासे झाले की माणूस पडद्यावरच्या अक्षरांकडे पाहून लिहितो आणि यंत्र ते मोठ्याने वाचतं. मी ही यंत्रं घरोघरी बसवून देते आणि अडली की पाहायला जाते. तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते: "आधी छान चालत होतं, आता बाबांना जमत नाही." बहुतेक वेळा बाबांना जमत असतं. कॅमेऱ्याला त्यांचे डोळे नीट दिसत नसतात, आणि ते का दिसत नाहीत हे घरच्या घरी, एक पैसा खर्च न करता शोधता येतं.

लक्षणं

कर्सर सगळीकडे सारखाच सरकलेला. 'क' पाहिला की शेजारचा 'ख' उमटतो, वरच्या ओळीत तसंच आणि खालच्या ओळीतही तसंच. इथे बसण्याची जागा, चष्मा किंवा पडद्याखालची ट्रॅकरची कॅमेऱ्याची पट्टी हलल्याचा संशय घ्यावा.

फक्त वरच्या किंवा फक्त खालच्या कडेला बिघडतो. पापणी, पडद्याचा कल किंवा दुहेरी भिंगाचा चष्मा.

एका बाजूला बरोबर, दुसऱ्या बाजूला भरकटतो. त्या बाजूची खिडकी, चष्म्यावरचा चकाकता डाग किंवा तिरळेपणा.

थरथरतो, एका जागी ठरतच नाही. प्रकाश, परावर्तन किंवा कोरडे डोळे.

मधूनच गायब होतो आणि आपोआप परत येतो. अंतर, नाहीतर वायर आणि वीज.

सकाळी उत्तम, दुपारी वाईट. शरीर घसरतं, डोळे सुकतात, उजेड बदलतो. यातलं एक असतं किंवा तिन्ही.

कोणतं लक्षण आहे ते नीट पाहून कागदावर लिहा. नुसतं "चालत नाही" यावरून पुढे जाता येत नाही. "खालच्या दोन ओळी लागत नाहीत" म्हटलं की अर्धं काम झालेलं असतं.

तपासायला बसण्याआधी

दुरुस्तीचा सगळा वेळ ते माणूस मुकं असतं, आणि आपण त्याच्या डोळ्यांसमोर त्याचं तोंड बंद करून बसलेलो असतो. म्हणून पहिलं काम हे: हो आणि नाही यांची खूण ठरवा, वर पाहिलं म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही, त्यांना सोपं जाईल ते. मग एका पुठ्ठ्यावर वर्णमाला मोठ्या अक्षरांत लिहून शेजारी ठेवा. आपली वर्णमाला यासाठी फार सोयीची आहे, कारण ती आधीच ओळींत लावलेली आहे. तुम्ही म्हणायचं, "स्वर? क-ची ओळ? च-ची ओळ? ट-ची?" त्यांनी खूण केली की त्या ओळीतली अक्षरं एकेक वाचायची. काना-मात्रा नंतर विचारायच्या, बऱ्याचदा त्या न विचारताच शब्द कळतो. या पुठ्ठ्याला वीज लागत नाही. यंत्र उत्तम चालत असलं तरी तो पलंगाशी असावाच.

आणि तपासताना त्यांना विचारत राहा. "काका, आता कर्सर कुठे दिसतोय तुम्हाला?" कर्सर नेमका कुठे पडतोय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, तरी त्यांच्या डोक्यावरून आपसांतच चर्चा चाललेली मी घरोघरी पाहते.

कॅमेऱ्याला काय दिसायला हवं

पडद्याखालच्या पट्टीत इन्फ्रारेडचे छोटे दिवे असतात आणि तो प्रकाश टिपणारा कॅमेरा असतो. दिवे साधारण ८५० नॅनोमीटरच्या आसपासचे असतात, आपल्याला फार तर मंद लालसर दिसतात. हा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पारपटलावर पडून तिथे एक बारीक चकाकता ठिपका उमटतो. बाहुली कॅमेऱ्याला काळी गोल दिसते. डोळा फिरला की बाहुली सरकते, पण ठिपका तेवढा सरकत नाही. या दोघांमधलं अंतर आणि दिशा सेकंदाला अनेक वेळा मोजून यंत्र नजर ठरवतं. घरगुती वापराच्या यंत्रांत हे मोजमाप सेकंदाला ३० ते ९० वेळा होतं.

यात आणखी एक अडचण असते. डोळ्यातली सर्वांत तीक्ष्ण नजर ज्या बिंदूत असते तो बाहुलीच्या बरोबर मागे नसतो, थोडा कडेला असतो. त्यामुळे डोळा जिकडे वळलेला दिसतो आणि माणूस प्रत्यक्ष जिथे पाहतो यांत सुमारे ५ अंशांचा फरक पडतो, तोही प्रत्येकाचा वेगळा. ६० सेंटिमीटर अंतरावर ५ अंश म्हणजे पाच सेंटिमीटरहून अधिक. कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ठरलेल्या बिंदूंकडे पाहायला लावून, यंत्र हाच फरक शिकतं. म्हणून एकाचं कॅलिब्रेशन दुसऱ्याला चालत नाही. पुष्कळ घरांत बिघाडाचं कारण एवढंच निघतं की नातवाने गंमत म्हणून स्वतः बसून कॅलिब्रेशन केलं आणि ते आजोबांच्या नावावर सेव्ह झालं. सर्वांत आधी प्रोफाइल कोणाची उघडी आहे ते पाहा.

"डोळे काळेभोर आहेत म्हणून होत नसेल का?" हेही नेहमी विचारतात. नाही. गडद तपकिरी बुबुळ इन्फ्रारेडमध्ये फिकट राखाडी दिसतं, त्यामुळे काळी बाहुली त्यात स्पष्ट उठून दिसते.

१९०० सालाच्या आसपास एडमंड ह्यूई या अमेरिकन संशोधकाने वाचताना डोळे कसे हलतात हे नोंदवण्यासाठी डोळ्यावर मध्ये छिद्र असलेलं कवच बसवून त्याला ॲल्युमिनियमचा काटा जोडला होता. आजच्या ट्रॅकरचं काहीही डोळ्याला लागत नाही. पण यंत्र दूर बसल्यामुळे त्याच्या आणि डोळ्याच्या मधे जे जे येतं ते अडथळा होतं. गाडीत चालकाला डुलकी लागतेय का हे पाहणारा कॅमेरा, चष्मा घालवणाऱ्या लेसिकच्या शस्त्रक्रियेत डोळा हलला की लेझर वळवणारी यंत्रणा, नजर जिथे आहे तिथलंच चित्र जास्त बारकाईने रेखणारे व्हीआर हेडसेट, या सगळ्यांनाही डोळा स्वच्छ दिसावाच लागतो. घरच्या पलंगापाशी मात्र उजेडही ठरलेला नसतो आणि बसणंही.

पहिली तपासणी: दोन ठिपके

बहुतेक ट्रॅकरच्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांची स्थिती दाखवणारी एक खिडकी असते. काळ्या चौकोनात दोन ठिपके दिसतात, एकेक डोळ्याचा. कॅलिब्रेशनला हात लावण्याआधी ही खिडकी उघडा आणि मिनिटभर नुसतं पाहा.

दोन्ही ठिपके मध्यभागी, स्थिर, आणि पापणी लवली की क्षणभर जाऊन लगेच परत येत असतील तर कॅमेऱ्याला डोळे दिसतायत. मग दोष कॅलिब्रेशनमध्ये किंवा सेटिंगमध्ये, खाली तिथे उडी मारा. एखादा ठिपका लुकलुकत असेल, एकच दिसत असेल किंवा कडेला चिकटलेला असेल, तर कॅलिब्रेशन कितीही वेळा केलं तरी उपयोग नाही. ते चुकीच्या मोजमापावर केलेलं चुकीचं कॅलिब्रेशन होतं आणि रुग्ण दमतो तो वेगळाच.

यापुढची प्रत्येक गोष्ट ही खिडकी उघडी ठेवूनच करा. एका वेळी एकच बदला आणि ठिपक्यांकडे पाहा.

पुसणं

पट्टीची काच आणि चष्मा चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसा. पदराने नको, कागदानेही नको. पट्टीवर बोटांचे ठसे, तेलाचे हात, जेवण भरवताना उडालेला वरणाचा शिंतोडा, हे सगळं मी पुसलेलं आहे. नवीन यंत्र असेल तर काचेवरची संरक्षक प्लास्टिकची झिल्ली काढलीय का ते बघा, आणि पडद्याखाली चिकटवलेला कागद किंवा देवाचं स्टिकर पट्टीवर येत नाही ना तेही.

अंतर, उंची, कल

पडदा डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर हवा, म्हणजे पाच-दहा इकडेतिकडे. टेप लावून मोजा, अंदाज चुकतो. फार जवळ आणलं तर एक डोळा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जातो, फार दूर नेलं तर बाहुली इतकी लहान दिसते की मोजमाप डगमगतं.

अंतरापेक्षा कल जास्त वेळा चुकतो. माणूस फाउलर बेडवर (डोक्याकडची बाजू वर उचलता येणाऱ्या पलंगावर) मागे रेललेला असतो आणि पडदा टेबलावर ठेवल्यासारखा ताठ उभा असतो. मग पट्टी खालून, हनुवटीच्या बाजूने पाहते आणि तिला अर्धी बाहुली दिसते. नियम सोपा आहे: चेहरा जितका मागे कललेला, तितकाच पडदा पुढे झुकवायचा, म्हणजे चेहरा आणि पडदा समांतर राहतात. मान एका कुशीला पडलेली असेल तर ती सरळ करण्यासाठी जबरदस्ती करू नका, पडदा त्या बाजूला तिरका करा.

सकाळी बरोबर आणि दुपारी चूक असेल तर माणूस घसरलाय का ते पाहा. पलंगाच्या कठड्याला आणि स्टँडच्या पायाजवळ फरशीला रंगीत चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा. मावशी बदलल्या, रात्रपाळीची नर्स आली, तरी सगळं जिथल्या तिथे बसतं.

उजेड

इथे वेळ घालवा, बहुतेक गूढ बिघाड इथेच उकलतात.

उन्हात भरपूर इन्फ्रारेड असतं. खिडकीतून तिरीप थेट चेहऱ्यावर किंवा पट्टीवर पडली की ट्रॅकरचे स्वतःचे दिवे त्यात हरवतात. ऊन नुसतं खोलीत आहे की डोळ्यावर येतंय हे बघा. पश्चिमेच्या खिडकीमुळे संध्याकाळी चारनंतर बंद पडणारा ट्रॅकर म्हणजे बिघडलेला ट्रॅकर नव्हे. खिडकीला जाड पडदा लावा, किंवा पलंग असा फिरवा की खिडकी रुग्णाच्या समोरही नको आणि बरोबर पाठीशीही नको.

ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्यांत इन्फ्रारेड फारच थोडं असतं, ते त्रास देत नाहीत. जुना तारेचा पिवळा बल्ब, हॅलोजन आणि थंडीतला लाल कांड्यांचा हीटर मात्र देतात. हीटर पायाकडे वळवा.

आता एक असं कारण जे कुणाच्याच मनात येत नाही. रुग्णावर लक्ष राहावं म्हणून खोलीत छोटा सीसीटीव्ही कॅमेरा लावलेला असतो. दिवा मालवला की अंधारात पाहण्यासाठी तो स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो, आणि ते बहुधा त्याच ८५० नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. डोळ्यावर मग एकाऐवजी दोन-तीन चकाकते ठिपके उमटतात आणि यंत्र गोंधळतं. लक्षण ठरलेलं: दिवसा ठीक, रात्री दिवा बंद केल्यावर कर्सर थरथरतो. पाहायचं असेल तर मोबाईलचा सेल्फी कॅमेरा त्या सीसीटीव्हीकडे धरा. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबल्यावर मोबाईलमध्ये जसा जांभळट-पांढरा दिवा दिसतो तसा तिथे दिसेल. सीसीटीव्ही रुग्णाच्या मागच्या भिंतीवर न्या किंवा त्याचा रात्रीचा मोड बंद करून खोलीत मंद एलईडी ठेवा. याच पद्धतीने ट्रॅकरचे स्वतःचे दिवे लागतायत का हेही कळतं.

लॅपटॉपमध्ये चेहरा ओळखून लॉगिन करणारा कॅमेरा असेल तर त्यालाही स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असतात. त्यावर काळी, अपारदर्शक पट्टी चिकटवून फरक पडतो का बघा.

उजेडाचा दुसरा परिणाम आणखी छुपा आहे. प्रकाश कमी-जास्त झाला की बाहुली लहान-मोठी होते, पण ती अगदी समान पसरत नाही, तिचा मध्य किंचित सरकतो. त्यामुळे भर दुपारी केलेलं कॅलिब्रेशन रात्री थोडं चुकतं, आणि चूक सगळीकडे एकाच दिशेला असते. ज्या उजेडात वापरायचं त्याच उजेडात कॅलिब्रेशन करा. दिवसाची आणि रात्रीची अशा दोन प्रोफाइल ठेवल्या तर उत्तम.

डोळे आणि चेहरा

काजळ लावलं असेल तर पुसा. काळी कडा आणि काळी बाहुली यांत यंत्राची गल्लत होते. लहान मुलांच्या बाबतीत आजीला हे सांगताना अवघड जातं, पण तीट गालावर लावता येते.

रात्री डोळ्यांत मलम घालत असाल तर सकाळी त्याची चिकट साय पारपटलावर उरते आणि चकाकता ठिपका पसरट होतो. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पापण्या पुसा, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस.

कोरडे डोळे हे दुपारच्या बिघाडाचं मोठं कारण. आजारामुळे पापण्या कमी लवतात, त्यात पडद्याकडे टक लावून पाहताना आणखी कमी लवतात. अश्रूंचा पातळ थर फाटला की पारपटल गुळगुळीत राहत नाही आणि त्यावरचा चकाकता ठिपका तुटतो. शिवाय लाळ कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लायकोपायरोलेट किंवा ॲमिट्रिप्टिलीनसारख्या औषधांनी डोळ्यांतलं पाणीही कमी होऊ शकतं, बाहुली मोठी होऊ शकते आणि जवळचं धूसर दिसू शकतं. औषध स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना ही गोष्ट सांगा आणि डोळे ओले ठेवणारे थेंब कोणते घालायचे ते विचारा. थेंब घातल्यावर पाच-दहा मिनिटं थांबूनच यंत्र सुरू करा.

बायपॅप (मास्कमधून हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) असेल तर दोन गोष्टी पाहा. मास्कच्या वरच्या कडेतून हवा डोळ्यांकडे सुटत असेल तर डोळे झपाट्याने सुकतात. हात धरून पाहा, हवा जाणवते. मास्क नीट बसवायला श्वसनतज्ज्ञांची किंवा यंत्र देणाऱ्यांची मदत घ्या, पट्टे स्वतः करकचून आवळू नका. दुसरं, मास्कचं चकचकीत प्लास्टिक इन्फ्रारेड परावर्तित करतं. तिथे कापडी चिकटपट्टीचा लहान तुकडा लावला की चमक जाते, मात्र हवा बाहेर सोडणारी छिद्रं झाकली जाता कामा नयेत.

पापणी अर्धी पडत असेल तर पडदा थोडा खाली घेऊन चालत नाही, कारण खाली पाहताना पापणी आणखी मिटते. पडदा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित वर घ्या.

डोळे तपासायला गेल्यावर बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील तर त्या दिवशी ट्रॅकर नीट चालेल अशी अपेक्षा ठेवू नका.

चष्मा

चष्मा काढून ठिपके पाहा. ठिपके स्थिर झाले तर दोष चष्म्याचा. दुहेरी भिंगाची आडवी रेघ बाहुलीवरून जाते आणि खालच्या ओळी बिघडतात. प्रोग्रेसिव्ह भिंगातही खालचा भाग वेगळा वाकतो. दिसणाऱ्या प्रकाशासाठी केलेलं परावर्तनविरोधी कोटिंग इन्फ्रारेड थांबवतंच असं नाही, उलट काही कोटिंग तो जास्त परावर्तित करतात. चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलून भिंगाचा कोन बदलला तरी पुष्कळदा चमक बाजूला सरकते. नाहीच जमलं तर चष्मेवाल्याकडून ६० सेंटिमीटरसाठी एकाच नंबरचा, मोठ्या काचेचा साधा चष्मा करून घ्या. फक्त यंत्रासाठी. यादीतला हा पहिला खर्च, आणि तो सार्थकी लागतो.

वायर आणि वीज

कर्सर मधूनच गायब होत असेल तर हे. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, झोपवून उठवणं पुरेसं नाही. ट्रॅकरची वायर यूएसबी हबमधून आली असेल तर थेट लॅपटॉपला जोडा, वाढवायची जोडवायर काढून टाका. दिवे आणि कॅमेरा यांना लागणारी वीज स्वस्त हब पुरवत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. पलंगाच्या चाकाखाली वायर चेंगरलेली नाही ना, तेही पाहा.

कॅलिब्रेशन

ठिपके स्थिर झाल्यावरच. खोलीतले लोक बाहेर पाठवा, टीव्ही बंद करा. रुग्णाच्या मागे उभे राहून "तिकडे बघा, आता तिकडे" असं बोलू नका, आवाजाकडे नजर वळते. बिंदू सरकला की तिथे पाहायचं आणि तो जाईपर्यंत थांबायचं, एवढंच आधी सांगा.

नऊ बिंदू झेपत नसतील तर पाच घ्या, पाचही नसतील तर दोन. थकलेल्या डोळ्यांनी केलेल्या नऊपेक्षा ताज्या डोळ्यांनी केलेले दोन बरे. बिंदूऐवजी चित्र ठेवण्याची सोय असेल तर मुलांसाठी आईचा फोटो ठेवा. शेवटी निकाल दाखवला जातो, त्यात एखादाच कोपरा वाईट असेल तर सगळं पुन्हा करू नका, तेवढाच बिंदू पुन्हा घ्या.

तिरळेपणा असेल किंवा एका डोळ्याचा ठिपका सतत डळमळत असेल तर सेटिंगमध्ये फक्त चांगला डोळा निवडा. दोन डोळ्यांची सरासरी काढताना वाईट डोळा चांगल्यालाही ओढतो.

सेटिंग आणि कीबोर्ड

सगळं नीट असूनही चुकीची अक्षरं येतात तेव्हा कीबोर्ड पाहा. चांगल्या कॅलिब्रेशननंतरही अर्धा ते एक अंश चूक उरते, आणि ६० सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर. दहा इंची टॅबलेट आडवा धरला तर त्याची रुंदी २१-२२ सेंटिमीटर. त्यावर ओळीत बारा कळा असलेला मराठी कीबोर्ड ठेवला तर एक कळ १.८ सेंटिमीटरची, तिच्या मध्यापासून कडेपर्यंत ०.९. म्हणजे एक अंशाची चूक थेट शेजारच्या कळेत. इथे रुग्णाचा दोष नाही, यंत्राचाही नाही. मराठीत अक्षरं जास्त, त्यात काना-मात्रा आणि जोडाक्षरं, त्यामुळे इंग्रजीच्या आकाराचा कीबोर्ड आपल्याला पुरत नाही. दोन पायऱ्यांचा कीबोर्ड लावा: आधी ओळ निवडायची, मग मोठ्या कळांवर अक्षर. एक नजर जास्त लागते, पण खोडाखोड वाचते. शब्द सुचवण्याची सोय असेल तर ती चालू करा. "पाणी", "कूस बदला", "सक्शन", "दुखतंय" यांच्या मोठ्या कळा पहिल्याच पानावर हव्यात.

नजर किती वेळ रोखली की कळ दाबली जाते, ती वेळही पाहा. फार कमी ठेवली तर नुसतं वाचतानाही कळा दाबल्या जातात, फार जास्त ठेवली तर डोळे दमतात. एका सेकंदापासून सुरू करा आणि त्यांना विचारून हळूहळू कमी करा. कर्सर थरथरत असेल तर त्याची हालचाल गुळगुळीत करण्याचं (स्मूदिंगचं) सेटिंग वाढवा. डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो, त्यामुळे थोडी थरथर निरोगी माणसालाही येते.

पडद्याचं रिझोल्यूशन किंवा स्केल बदललं असेल, दुसरा मॉनिटर जोडला असेल, तर ट्रॅकरला पडदा कुठे आहे हे पुन्हा सांगावं लागतं. सुटी पट्टी असेल तर ती चुंबकावरून सरकली का ते बघा. विंडोजच्या अपडेटनंतर लगेच बिघाड सुरू झाला असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ट्रॅकरचा ताजा ड्रायव्हर टाका. कंपनीच्या चाचणीच्या पडद्यावर नजर बरोबर पडते आणि फक्त लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकते, असं असेल तर दोष त्या सॉफ्टवेअरचा. ऑप्टिकीसारखं मोफत सॉफ्टवेअर टाकून तुलना करता येते.

आयफोन-आयपॅडवर

आयओएस १८ पासून आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटीमध्ये आय ट्रॅकिंग आहे. ते पुढच्या कॅमेऱ्यावर चालतं, त्यामुळे चेहऱ्यावर समोरून सारखा उजेड हवा. फोन स्टँडवर, चेहऱ्यापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर, न हलता. कोणी हातात धरून चालत नाही. वेगळं यंत्र घ्यायच्या आधी करून पाहायला चांगलं आहे, दिवसभराच्या बोलण्यासाठी मी त्यावर विसंबत नाही.

इथे थांबा

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, चिकटा येतोय किंवा पांढुरका डाग दिसतोय: यंत्र बंद, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. पापणी पूर्ण मिटत नसलेल्या माणसाच्या पारपटलावर जखम होऊ शकते आणि ती वाढत जाऊ शकते.

अचानक दोन-दोन दिसणं, एकाच बाजूची पापणी एकाएकी पडणं, चेहरा वाकडा होणं: हा ट्रॅकरचा प्रश्न नाही, तातडीने रुग्णालयात न्या. वापरताना आकडी (फिट) आली तर यंत्र बंद करा आणि न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय पुन्हा लावू नका.

स्टँडचा सांधा सैल होऊन पडदा हळूहळू खाली येतोय: लगेच बाजूला घ्या. खाली अशा माणसाचा चेहरा आहे ज्याला बाजूला होता येत नाही. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर चार्जर काढा आणि यंत्र खोलीबाहेर ठेवा. पट्टी उघडू नका. आतला कॅमेरा आणि दिवे कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असतात, गल्लीतल्या दुकानात ती जुळणी होत नाही.

आणि ठिपके स्थिर, उजेड ठीक, चष्मा ठीक, तरी ताज्या डोळ्यांनी वेगवेगळ्या दिवशी कॅलिब्रेशन होतच नसेल तर आता डोळ्यांच्या हालचालीची तपासणी हवी. एएलएसमध्ये डोळ्यांचे स्नायू बहुधा शेवटपर्यंत टिकतात, पण ब्रेनस्टेमच्या काही स्ट्रोकमध्ये डोळे फक्त वर-खाली हलतात आणि आडवे हलत नाहीत. सेरेब्रल पाल्सीत डोळे सतत थरथरत असू शकतात, किंवा डोळे चांगले असूनही मेंदू दृश्य नीट उलगडत नाही. हे घरी ठरवता येत नाही. स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्याकडे जा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. डोळे साथ देत नसतील तर बोटाची, गालाची किंवा भुवईची उरलेली एखादी हालचालही पुरते. स्टीफन हॉकिंग यांचं यंत्र डोळ्यांवर चालायचं असं अनेकांना वाटतं, पण पुढच्या काळात ते चष्म्याला लावलेल्या इन्फ्रारेड सेन्सरने टिपलेल्या गालाच्या हालचालीवर चालत होतं.

तंत्रज्ञाला बोलावताना चार गोष्टी तयार ठेवा: दोन ठिपक्यांच्या खिडकीचा मिनिटभराचा व्हिडिओ, बाजूने काढलेला फोटो ज्यात पलंग, चेहरा आणि पडदा एकत्र दिसतात, यंत्राचा मॉडेल आणि सिरियल नंबर, आणि बिघाड दिवसाच्या कोणत्या वेळी होतो याची नोंद. फोटो रुग्णाला विचारूनच काढा. एवढं हातात असलं तर पुष्कळदा फोनवरच उलगडा होतो. तंत्रज्ञ घरी आलाच तर त्याला आधी रुग्णाशी बोलायला सांगा, पुठ्ठा पुढे करून.